अ‍ॅसिडमध्ये घालण्याआधी

११ मार्च

बयो,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तेही माफी मागायला नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पत्र फेकायचं असेल तर इथेच फेक, तुझा वेळ वाचेल.

काम आहे, आणि ते पापुद्राकाकांचं आहे.

त्यांना तू विसरली नसशील. शिकाऊ म्हणून आमच्या पॅथॉलॉजी विभागात आलीस तेव्हा रुग्णाचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकचा त्यांनी काढलेला काप पाण्यावर तरंगताना बघून तूच म्हणाली होतीस, "काका, हा काप नाही हो, पापुद्रा आहे." तेव्हापासून सगळं रुग्णालय त्यांना त्याच नावाने हाक मारतं. त्यांचं खरं नाव विचारलं तर आमचे कारकूनसुद्धा वही उघडतात.

त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ होती. वर्षभर होती. पायावर खोका पडला होता, रक्त साकळलंय, असं म्हणून बसले. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या गाठींचे काप काढले त्या माणसाने हे करावं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ऑक्टोबरमध्ये नख उचललं, मोहरीएवढा तुकडा काढला, आणि मीच तो दुर्बिणीखाली पाहिला. मेलॅनोमा. रंगपेशींचा कॅन्सर, आणि त्यातलाही तुझा तो दुर्मीळ, नखाखालचा. आमच्याकडे वर्षाला तीन येतात, फार तर चार. मोहरीएवढा तुकडा निदानातच संपला. मग अंगठा काढला. रोग हाडापर्यंत पोचला होता. जानेवारीत जांघेत गाठ आली. आमच्या कॅन्सर विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी प्रतिकारशक्ती चेतवणारी इंजेक्शनं सुरू केली. चार झाली. गाठ ढिम्म.

तुझ्या संयुक्त संशोधन गटात गोळ्यांची चाचणी चालू आहे. गाठीच्या जनुकात तो एक बदल असेल त्यालाच त्या गोळ्या लागू पडतात. दहात एखाद्यालाच तो असतो, पण ज्याला असतो त्याची गाठ कधी कधी लोण्यासारखी विरते, असं तू लिहिलं आहेस. हो, वाचतो मी तुझं. विरोधकाचं वाचलंच पाहिजे.

काकांची जनुकचाचणी नोव्हेंबरमध्ये झाली होती. बदल आढळला नाही. पण बाहेरच्या प्रयोगशाळांवर माझा भरवसा नाही, तुला ठाऊक आहे. जांघेतल्या गाठीचा ताजा तुकडा पाठवतो, तू पुन्हा तपास. बदल निघाला तर काकांना चाचणीत घे. एवढंच.

आणि यावरून असं समजू नकोस की तुझ्या अठरा रुग्णालयांच्या गटापुढे मी मान तुकवली. सोळा वर्षांपूर्वी बाहेरच्या संशोधकांनी आमच्याकडून दोनशे गाठी 'अभ्यासासाठी' नेल्या होत्या, त्या माणसांपैकी एकालाही कोणी विचारलं नव्हतं, एकालाही औषधाची गोळी मिळाली नाही, आणि निबंधाच्या तळाशी आमचे आभार मुंगीच्या अक्षरांत मानले होते. गरिबाचं शरीर फुकटचा कच्चा माल आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण मरेपर्यंत चालेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणशील. म्हण.

काकांसाठी मात्र वेळ लावू नकोस.

दादा


२४ मार्च

बयो,

चार ओळी आल्या. 'प्रिय'सुद्धा नाही. तीन प्रश्न तेवढे आले: हाड मऊ करायला कोणतं अ‍ॅसिड वापरलं? किती तास? अ‍ॅसिडमध्ये घालण्याआधी गाठीचा तुकडा वेगळा काढून ठेवला होता का?

आणि खाली, 'ताजा तुकडा जरूर पाठव, पण ही उत्तरं आधी.'

तू बहीण म्हणून विचारते आहेस की तपासनीस म्हणून? तीस वर्षं हा विभाग मी चालवतोय. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांना इथे काय चालतं याची कल्पना नसते. अंगठा आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे हाताळला गेला. झालं समाधान?

काल काकांकडे गेलो होतो. दोन खोल्या, खिडकीला लागून पलंग, पलंगाखाली एकच चप्पल. दुसरी, उजव्या पायाची, काकूंनी दाराबाहेर ठेवली आहे. टाकत नाहीत आणि आतही घेत नाहीत. काका उशीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "या साहेब. गाठ आता लिंबाएवढी झाली. तुम्ही रिपोर्टात काय लिहिता, लिंबू की मोठं लिंबू?"

मी म्हटलं, "सेंटिमीटरमध्ये लिहितो."

"खोटं. वाटाणा, सुपारी, लिंबू, संत्रं. तीस वर्षं तुमचं अक्षर मीच लावतोय."

काकू आतून म्हणाल्या, "यांना मेलं सगळं खाण्याच्या वस्तूंतच मोजता येतं. आणि स्वतः दोन घास खायला सांगितले की तोंड फिरवतात."

मग काकांनी विचारलं, "धाकट्या बाईंचं उत्तर आलं का?" तुला ते अजून धाकट्या बाईच म्हणतात.

"उत्तर कसलं, प्रश्न आलेत."

"मग उत्तरं द्या की, साहेब."

ते माझ्याकडे बघत होते. भिंतीवर कॅलेंडर होतं, मी ते बघत बसलो. मार्चमध्ये एकतीस दिवस असतात हे मी त्या दुपारी नीट वाचलं.

तुकडा पाठवायला तुझ्या गटाची खास बाटली लागते म्हणे. ती पाठवून दे. उगाच कागदपत्रांत अडवू नकोस.

दादा


२ एप्रिल

बयो,

नायट्रिक. तीव्र. चोवीस तास. नाही.

ही तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आता बाकीचं लिहितो. तीनदा लिहून फाडलंय. या वेळी फाडणार नाही.

तुला शिकवायची गरज नाही, पण माझं मलाच नीट मांडू दे. हाड मेणात घालून कापायचं तर आधी अ‍ॅसिडमध्ये मऊ करावं लागतं. अ‍ॅसिड हाड मऊ करतं आणि पेशींमधल्या जनुकांचा धागाही कुरतडून टाकतं. म्हणून हाडाला लागलेल्या गाठीचा वाटाण्याएवढा मऊ तुकडा आधी बाजूला काढायचा, तो अ‍ॅसिडला दाखवायचाच नाही, आणि जनुकचाचणी त्याच्यावर करायची. तू सहा वर्षांपूर्वी घेऊन आलीस त्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर हेच लिहिलं होतं, तू ते सभेत वाचून दाखवलंस. मी ती पुस्तिका सभागृहात तीनशे माणसांसमोर फाडली. तुला दलाल म्हणालो. टाळ्या पडल्या. तू व्यासपीठावरून उतरताना म्हणालीस, "दादा, तुझा राग खरा आहे, पत्ता चुकलाय." ते फक्त मला ऐकू आलं. पत्ता चुकलाय, हे मला त्याच क्षणी पटलं होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला टाळ्या ऐकू येत होत्या.

ऑक्टोबरमध्ये काकांचा अंगठा बरणीत घालून विभागात आला. बरणीवर त्यांचं नाव. तंत्रज्ञ भिंतीला लागून उभे, कोणी हात लावेना. ज्या माणसाने त्या सगळ्यांना सुरी धरायला शिकवलं, त्याचा अंगठा होता तो. मी म्हटलं, "व्हा बाजूला. काकांचं काम मी करणार, माझ्या हाताने." पुन्हा भाषणच. पंधरा वर्षांत मी एकही हाड अ‍ॅसिडमध्ये घातलेलं नव्हतं. हे काम काकाच करायचे. आणि काका वरच्या मजल्यावर पायाला पट्टी बांधून झोपले होते.

रिपोर्ट लवकर मिळावा म्हणून सौम्य अ‍ॅसिडऐवजी तीव्र घेतलं. अंगठा उभा चिरला आणि सबंधच्या सबंध आत सोडला. तुकडा बाजूला काढायचा हे डोक्यातही आलं नाही. त्याच संध्याकाळी कामगारांच्या सभेत बोलायला गेलो. सहा तासांनी बाहेर काढायचा तो चोवीस तासांनी काढला.

एवढीच चूक असती तर बयो, मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं असतं, असं मला वाटतं. वाटतं.

नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या प्रयोगशाळेचा कागद आला: 'नमुना निकामी. तपासता आलं नाही.' तो कागद मी खणात ठेवला आणि काकांच्या रिपोर्टात लिहिलं: 'बदल आढळला नाही.' मनाशी म्हटलं, दहात नऊ जणांना नसतोच. आढळला नाही आणि तपासता आलं नाही, रुग्णाच्या दृष्टीने फरक तो काय? फरक काय ते जानेवारीत कळलं. गाठ आली तेव्हा डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी आल्या. "सर, हिच्यातून सुईने नमुना घेऊन संयुक्त गटाकडे पाठवू का?" मी मान वर न करता म्हणालो, "कशाला? चाचणी झाली आहे." तरुण आहेत, माझा मान ठेवतात. परत गेल्या.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

अनोळखी माणसांचं शरीर कोणी विचारल्याशिवाय वापरलं म्हणून मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो. आणि माझ्या स्वतःच्या माणसाच्या रिपोर्टावर मी खोटं लिहिलं.

काकांना अजून सांगितलेलं नाही. तुला आधी लिहितोय, कारण तू लांब आहेस.

दादा


१९ एप्रिल

बयो,

बाटली पोचली. आत तुझ्या हातची चिठ्ठी होती, 'आधी काकांना सांग, मग सुई लाव.' त्याप्रमाणे केलं.

डॉक्टरीणबाईंना सकाळी सांगितलं. त्यांनी काकांची फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." बघ, चूक माझी आणि शरमल्या त्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी काकांकडे गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं. अ‍ॅसिड, तास, तुकडा. काका म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"नोव्हेंबरात कुबडी घेऊन विभागात आलो होतो ना, रजेचा अर्ज द्यायला? तेव्हा माझी स्लाइड काढून बघितली. कोण नाही बघणार? पेशींच्या केंद्रकांनी निळा रंग धरलाच नव्हता. सगळं फिकट, धुतल्यासारखं. इतकं अ‍ॅसिड तर नवा शिकाऊसुद्धा ओळखेल, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो."

मला वाटलं, संपलं. पण काकांचं बोलणं व्हायचं होतं. म्हणाले, "तरी रिपोर्टात 'आढळला नाही' वाचलं आणि मी म्हटलं, असेल. एवढ्या अ‍ॅसिडातूनही काहीतरी वाचता आलं असेल त्या लोकांना. नवी यंत्रं आहेत. तुमच्या हातचं लिहिलेलं होतं ना. म्हणून मग मी तो विषय सोडला."

अ‍ॅसिड त्यांनी ओळखलं होतं, बयो. माझ्या शब्दावर मात्र विश्वास ठेवला.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "साहेब, चहा टाकू का, असं आज विचारणार नाही मी." आणि आत गेल्या.

काका हळू आवाजात म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका." पायावरची चादर ओढत म्हणाले, "घेतलंत तरी चालेल." मग म्हणाले, "मेणाच्या ब्लॉकच्या कपाटात सगळ्यात खालचा खण उघडा. चावी माझ्या ऑफिसच्या कोटात आहे."

उघडला. त्या खणाच्या दाराच्या आतल्या बाजूला तुझ्या पुस्तिकेचं चौथं पान. मी फाडलं त्या दिवशी सभागृह झाडताना त्यांनी ते उचललं होतं, चिकटपट्टीने जोडलं होतं, आत डकवलं होतं. खाली छोट्या पुठ्ठ्याच्या पेटीत एकोणीस ब्लॉक. सहा वर्षांत नखाखालचे, तळपायाचे, तळहाताचे जितके आले, त्या प्रत्येकाचा वाटाण्याएवढा तुकडा, अ‍ॅसिड न लागलेला, नाव-तारीख घालून. माझ्या नाकाखाली, त्या पुस्तिकेतलं काही इथे चालणार नाही हा माझा हुकूम मोडून. मला एका शब्दाने न सांगता.

एकोणीस जणांचे आहेत आणि त्यांचा स्वतःचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, हे कशासाठी केलंत? म्हणाले, "तुमचं भांडण मिटेल तेव्हा उपयोगी पडतील म्हणून. भावाबहिणीचं किती दिवस चालणार? माझा अंदाज दोन वर्षांचा होता. तुम्ही दोघंही माझ्या अंदाजाबाहेर निघालात."

सुईने नमुना घेतला. डॉक्टरीणबाईंनी बाटली स्वतः बंद केली. आज निघाली.

एकोणीस ब्लॉकही पाठवीन. एका अटीवर, आणि यात मी इंचभर हलणार नाही. त्या एकोणीस घरी मी स्वतः जाईन. जे जिवंत आहेत त्यांना विचारीन, जे गेले त्यांच्या माणसांना विचारीन. नाही म्हणतील त्यांचा ब्लॉक इथेच राहील. आणि तुमच्या गटाला त्यातून काही सापडलं तर त्या घरांना त्यांच्या भाषेत कळवायचं, मुंगीच्या अक्षरांत नाही. मान्य असेल तर कळव.

दादा


१३ मे

बयो,

अटी मान्य, असं एका ओळीत आलं. शेवटची अट तू नाकारशील अशी माझी खात्री होती, भांडणाची तयारीही केली होती. ती वाया गेली. आणि तुमच्या नियमांत विचारण्याची अट पहिल्या पानावरच होती, असंही लिहिलंस. मी पहिलं पान वाचलं नव्हतं. मी सरळ फाडलं होतं.

अकरा घरं झाली. एक शिंपी आहे, तळहाताचा रोग, दोन बोटं गेली, डाव्या हाताने शिवतो. मी सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, "डॉक्टर, माझा तुकडा तुमच्याकडे चार वर्षं आहे आणि मला आज विचारताय?" मी म्हटलं, होय, उशीर झाला. तो म्हणाला, "घेऊन जा. माझ्यासारखा आणखी कोणी कुठे आहे का, ते तरी कळेल. इतक्या वर्षांत मला हा रोग झालेला दुसरा माणूस भेटला नाही."

हे वाक्य तू तुझ्या सभेत सांग. माझं नाव न घेता.

गाठ संत्र्याएवढी झाली आहे. काका पिवळट दिसतात. निकाल कधी?

दादा


२७ मे

बयो,

निकाल मिळाला. बदल आहे.

दहात एकाला असतो तो काकांना आहे. हाडाच्या आत, अंगठ्यात, ऑक्टोबरमध्येही तो होताच.

आणि त्याच पाकिटात तुझं दुसरं पत्र. यकृतात रोग गेलाय, रक्तातला आकडा चाचणीच्या मर्यादेच्या वर आहे, घेता येणार नाही.

बयो, ऐक. मर्यादा नेहमीच्या पाचपट आहे, काकांचा आकडा सहापट. पण तीस एप्रिलचा रक्ताचा अहवाल माझ्याकडे आहे, त्यात चारपट आहे. तो धर. तारखेचा प्रश्न येतो, मला कळतं. पण नियम माणसांसाठी असतात की माणसं नियमांसाठी? तुझ्या चाचणीत सगळे मिळून बावीस लोक आहेत. जगभरातून शोधून बावीस. तेविसावा एक घेतलास तर कोणतं आभाळ कोसळणार आहे? तू गटाची प्रमुख आहेस. सही तुझी आहे. तुझ्या हातावर तीन वर्षं ज्याने हात ठेवून सुरी शिकवली त्याच्यासाठी एक तारीख बदल.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतोय.

दादा


५ जून

बयो,

नाही म्हणालीस.

पत्र वाचलं तेव्हा मी तुला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. भिंतींनी ऐकलं, आणि बाहेर बसलेल्या कारकुनानेही. मग ते पत्र घेऊन तडक काकांकडे गेलो, बघा म्हटलं, तुमच्या धाकट्या बाई!

काकांनी पत्र दोनदा वाचलं. "बरोबर केलं बाईंनी."

"काय बरोबर?"

"बावीस माणसं आहेत, साहेब. बावीसशे असती तर एक खोटा आकडा बुडून गेला असता. बावीसमध्ये एक खोटा म्हणजे सगळंच नासलं. मग त्या शिंप्याचा तुकडा घेऊन तरी काय उपयोग? माझा काप बिघडला तर मी टाकून दिला. चांगला म्हणून कधी चिकटवला नाही."

त्यांनी हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना ते सुचलंही नसेल. लागलं.

आणि पत्राच्या मागच्या बाजूला तू लिहिलं होतंस ते मी रागात वाचलंच नव्हतं, काकांनी वाचून दाखवलं. गोळ्या चाचणीच्या बाहेर, वेगळी परवानगी काढून, मोजणीत न धरता देता येतील. त्यासाठी तू तीन समित्यांना पत्रं लिहिलीस, आणि पहिलं पत्र एकोणीस मेचं आहे. म्हणजे निकाल येण्याआधीच तू वाट तयार करत होतीस. आणि मी तुला तारीख खोटी करायला सांगत होतो.

गोळ्या काल पोचल्या. पहिली काकांनी माझ्यासमोर घेतली. पाणी पिऊन म्हणाले, "चव तुमच्या रिपोर्टासारखी. कडू, आणि काय ते कळत नाही."

दादा


३० जून

बयो,

तू पडद्यावर होतीस, काल काय झालं ते तुला सांगायला नको. पण तुला दिसलं नाही तेवढं लिहितो.

अठरा रुग्णालयांच्या तंत्रज्ञांना काका शिकवणार, ही त्यांचीच कल्पना होती. चाकाच्या खुर्चीवरून त्यांना विभागात आणलं. पांढरा कोट घातला, तो दोन माणसांचा वाटत होता. गोळ्यांनी जांघेतली गाठ तीन आठवड्यांत संत्र्याची पुन्हा लिंबाएवढी झाली आहे, काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते. यकृताचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कॅमेऱ्यात फक्त त्यांचे हात दिसत होते, हे बरं झालं. बाजारातून आणलेल्या हाडावर त्यांनी दाखवलं: सुरी कुठे लावायची, तुकडा केवढा घ्यायचा, आधी नाव घालायचं मग कापायचं. मग स्वतःची स्लाइड दाखवली. "हे बघा, हे असं होतं तुकडा वेगळा न काढल्यावर. निळा रंग धरत नाही." कोणीतरी तिकडून विचारलं, "हा कुठल्या रुग्णालयातला नमुना? हे कोणी केलं?"

काका म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही. पुढे बघा."

मी मागे उभा होतो. म्हटलं, "मी केलं. आणि चाचणी करता आली नाही, तर मी रिपोर्टात 'बदल आढळला नाही' असं लिहिलं. म्हणून पुढचे पाच महिने कोणी पुन्हा तपासलं नाही."

बोललो तेवढंच. पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, काका वळून म्हणाले, "साहेब, शिकवणं चालू आहे." आणि सुरी पुसून दुसरं हाड घेतलं.

तुझा आवाज येतो का, ते मी ऐकत होतो.

दादा


२१ जुलै

बयो,

काका नऊ तारखेला गेले, ते डॉक्टरीणबाईंनी तुला कळवलंच. दुपारी, खिडकीकडे तोंड करून. शेवटचे चार दिवस ओळखत नव्हते.

कामाचं आधी. एकोणीसपैकी सतरा घरं हो म्हणाली. दोघं नाही म्हणाले. त्यांचे ब्लॉक इथे राहिले. सतरा आज रवाना केले. काकूंना विचारून जांघेच्या गाठीचा उरलेला नमुनाही पाठवला. काकूंनी सही केली, वाचून केली.

नोव्हेंबरचा रिपोर्ट मी दुरुस्त केला. आमच्या नियमाप्रमाणे जुना खोडायचा नसतो, त्याच्यावर नवा लावायचा. लिहिलं: 'नमुना चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे चाचणी होऊ शकली नाही. आधीचं विधान असत्य होतं.' 'चुकीचं' लिहिलं होतं, ते काढून 'असत्य' केलं. सही केली आणि अधिष्ठात्यांकडे एक प्रत दिली. पुढे काय करायचं ते ते ठरवतील. मी रजेचा अर्ज दिलेला नाही आणि वकीलही केलेला नाही.

एक प्रत काकूंकडे नेली. त्यांचा हक्क होता.

दाराबाहेरची चप्पल तिथे नव्हती. काकूंनी कागद उभ्यानेच वाचला. मग विचारलं, "हेच नोव्हेंबरात लिहिलं असतं तर?"

बयो, मला बोलता येतं. आयुष्यभर मी त्याच्यावरच जगलो. त्या वेळी मला किमान चार उत्तरं सुचली, आणि चारही ऐकायला बरी होती: रोगच तसा होता, गोळ्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, दुर्मीळ रोगात कोणीच काही सांगू शकत नाही, तुम्ही फार सेवा केलीत. चारही खरी होती.

मी म्हटलं, "जानेवारीत गाठ आली तेव्हा पुन्हा तपासलं असतं. फेब्रुवारीत गोळ्या सुरू झाल्या असत्या. तेव्हा यकृत चांगलं होतं."

"आणि मग?"

"मग काहींना वर्ष मिळतं. काहींना दोन. काहींना काहीच नाही."

"यांची गाठ तर उतरली होती."

"उतरली होती."

"म्हणजे मिळालं असतं."

"बहुतेक मिळालं असतं."

त्यांनी कागदाची घडी घातली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षात यांनी खिडकीला रंग लावला असता. तीन वर्षं म्हणत होते." मग आत गेल्या. दार लावलं नाही, मला बसाही म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. खिडकीची चौकट तिथून दिसत होती, खालच्या बाजूला रंगाचे पोपडे निघाले होते आणि लाकूड काळं पडलं होतं.

दादा